निळ्या अंड्यांचा हिशेब

एदुविहिस,
फोनवर तू आधी अंड्यांचं विचारतेस,
माझं मग.
आठ कोंबड्या, तर अंडी किती?
मी सहा सांगायचो. असायची तीन.
तिकडे पुएर्तो माँतच्या कारखान्यात
गारठलेल्या बोटांनी मासे सोलता सोलता
तू त्याच बोटांवर हिशेब करत असशील,
म्हणून सहा.

पहिला संशय लिसार्दोवर घेतला.
पोरगं आपल्या कुंपणाला टेकून शीळ घालतं,
एवढ्यावरून.
त्याच्या बापाला दोन शब्द सुनावूनही आलो.
मग उंदरासाठी सापळा लावला,
त्यात माझाच अंगठा सापडला.
शेवटी खुराड्यामागे बादली उपडी घालून बसलो,
अंगावर तुझं पिवळं जाकीट,
आणि पाऊस असा, की आपल्या चिलोएतसुद्धा
लोकांनी त्याला पाऊस म्हटलं असतं.

आणि पाहिलं.
चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना,
इथं संन्यासिणीच्याच चोचीला बलक!
तुझी लाडकी, करडी, बिनशेपटीची जोगीण.
स्वतःच घातलेलं, अजून ऊन असलेलं,
ते निळं कवच एका टोचीत फोडून
मान वर करून गिळत होती,
तू सूप चाखतेस तशी,
मीठ कमी आहे का बघत.

मीठ नाही, चुना कमी होता.
हे सुनिल्दाबाईंनी सांगितलं, न विचारता.
मग शिंपले भाजले, कुटले, दाण्यात मिसळले.
घरट्यापुढे पडदा टांगला,
अंधारात चोच चालत नाही म्हणे
(तुझा जुना घागरा होता, रागावू नकोस).
एका टरफलात मोहरीची चटणी भरून ठेवली.
जोगिणीनं ती खाल्ली,
चोच गवताला पुसली,
आणि दुसऱ्या सकाळी माझ्या पायाशी उभी,
आणखी आहे का?

मग लाकडाचं अंडं कोरायला घेतलं.
तीन संध्याकाळी गेल्या त्यात.
वल्ह्यालासुद्धा मी कधी इतका पॉलिशपेपर घासला नाही.
एका बाजूनं बसकं झालं, माझ्यासारखं.
बोटीचा उरलेला निळा रंग दिला.
टोच. टोच.
चौथ्या दिवशी तिनं नाद सोडला.
अंडी पाच झाली, मग सात.
मी फोनवर खरं बोलू लागलो,
तर तू म्हणालीस,
आवाज का असा येतोय तुझा? काही लपवतोयस?

बुधवारी लाकडी अंडं गेलं.
कोंबडी लाकूड गिळत नाही.
उंदीरही एवढा मूर्ख नसतो.

सुनिल्दाबाईंचं पातेलं परत द्यायला गेलो
तेव्हा त्या खिडकीशी मोजा रफू करत होत्या.
टाचेच्या भोकातून निळं काहीतरी डोकावत होतं,
एका बाजूनं बसकं.
"तुमच्या कोंबड्यांची अंडी," त्या म्हणाल्या, सुईवरून नजर न काढता,
"तासभर उकळली तरी शिजत नाहीत हल्ली."
मी म्हणालो, "म्हाताऱ्या झाल्यात कोंबड्या."
"हं," त्या म्हणाल्या, आणि दोरा दातानं तोडला.

मार्चमध्ये कोल्ह्यानं त्यांच्या दोन्ही कोंबड्या नेल्या.
मला माहीत होतं.
पिसं मीच उचलली होती त्यांच्या अंगणातून,
आणि पिसं उचलून घरी आलो होतो.

दुसऱ्या दिवशी माझे मोजे घेऊन गेलो,
चार जोड. टाच अशी एकालाही उरली नव्हती.
त्यांनी मोजून घेतले,
मी काही मोजलं नाही.

तर आता सात येतात.
आठवं बुधवारी विचारू नकोस.
जोगिणीसाठी नवं लाकडी कोरतोय,
हे जरा गोल होतंय.

राहिलं लिसार्दोच्या घरी जायचं.
रोज निघतो, फाटकापर्यंत जातो.
सोबत अंडी न्यावीत का,
की ते आणखीच वाईट दिसेल?
तू असतीस तर सांगितलं असतंस.
पोरगं आता कुंपणाला टेकत नाही.
शीळ लांबून येते, समुद्राकडून,
मध्येच तुटते.